बोट खरं की दंड खरा?

माझ्या डाव्या दंडावर ते पांढरं बटण बसलं आणि आमच्या घरात दोन सरकारं आली. एक बोटाचं, एक दंडाचं.

बोटाचं सरकार आमच्या ह्यांचं. रोज दुपारी जेवणाआधी ते माझ्या बोटाला सुई टोचत, रक्ताचा थेंब पट्टीला लावत आणि मशीनवर आकडा आला की तो मोठ्यानं वाचत. शेजारच्या प्लॉटवर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. त्या आकड्यावरून माझं दुपारचं इन्सुलिन ठरायचं. दंडाचं सरकार पुण्याच्या लेकीचं. ते बटण तिनंच कुरिअरनं पाठवलं होतं. सेन्सर म्हणतात त्याला. त्याची केसाएवढी तार कातडीखाली जाऊन बसते आणि दिवसरात्र माझी साखर मोजून मोबाइलवर दाखवते. माझ्या मोबाइलवर आणि लेकीच्याही. म्हणजे मी इथं, सातारा परिसरातल्या (सातारा जिल्हा नव्हे, आमच्या शहराच्या कडेची वस्ती) आमच्या घरात चार द्राक्षं तोंडात टाकली की तिकडं पुण्यात तिच्या ऑफिसात बोंब. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं मी पार्सल उघडताना म्हटलं, तर लेक फोनवर खो खो हसली. ह्यांनी मात्र त्या बटणाकडं असं बघितलं, जसा जुना हेडक्लार्क नव्या साहेबाकडं बघतो.

दोन सरकारं म्हटल्यावर एकमत व्हायचं कारणच नव्हतं. पहिल्याच दिवशी बोट म्हणालं एकशे सत्तर, दंड म्हणाला एकशे तीस. ह्यांनी लगेच निकाल लावला की लेकीचे पैसे पाण्यात गेले. मग आम्ही डॉक्टरांकडं गेलो. आमचे डॉक्टर हळू बोलणारे, समजावून सांगणारे. ते म्हणाले, "बोटातून येतं ते रक्त. सेन्सर रक्त बघत नाही. कातडीखाली जे पाणी असतं त्यातली साखर तो बघतो, आणि तिथं साखर पोचायला जरा वेळ लागतो. नवा सेन्सर पहिल्या दिवशी थोडा बावचळतोही. आणि त्या दंडावर आडव्या झालात तर दाब पडून उगाच कमी दाखवतो. थोडाफार फरक राहणारच. शंका आली तर बोट बघा. पण हात धुऊन, कोरडे करून."

ह्यांनी यातलं "शंका आली तर बोट" एवढं पाठ केलं. शेवटच्या वाक्याला आम्ही दोघांनीही मान डोलावली. हात धुणं ही काय कुणी सांगायची गोष्ट आहे?

तार कातडीखालचं पाणी बघते, हे मात्र ह्यांना फार आवडलं, कारण पाणी हा ह्यांचा विषय. उभी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. घरी आल्यावर चप्पलही न काढता त्यांनी मला समजावलं, "म्हंजे असंय, धरणातनं पाणी सोडलं की कालव्याच्या टेलला, म्हंजे पार शेवटच्या टोकाला, लगेच येतंय का? नाय येत. बोट म्हंजे धरण, दंड म्हंजे टेल. टेलचा माणूस पाणी नाय म्हणून बोंबलतो, तवा पाणी वाटंत असतंय."

"मग टेलच्या माणसाला तवर तहान लागत नाय व्हय?" मी विचारलं.

ते चप्पल काढायला वाकले. टेलच्या माणसाला उत्तर द्यायची पद्धत खात्यातही नसावी.

तो उन्हाळा लई वाईट होता. लागोपाठ पावसाळे कोरडे गेलेले. ह्यांना सकाळी चहाच्या आधी पेपरातला जायकवाडी धरणाचा साठा लागे. आकडा वाचून ते नुसतेच हं म्हणत आणि पेपर उलटा ठेवत. शहर आमच्या बाजूला डोंगराच्या पायथ्यापर्यंत वाढत आलं होतं. रो-हाउस झाली, अपार्टमेंटं झाली, त्यांच्या गच्चीवर रंगीत दिव्यांच्या पाट्या झाल्या. पाण्याची लाइन तेवढी मागं राहिली. आमची बोअर माघातच आटली. मग टँकर. लेकीच्या पार्सलवर शहराचं बदललेलं, नवं नाव होतं, टँकरच्या पाठीवर अजून जुनंच. तो कधी येईल याचा नेम नव्हता. आज येतो म्हणे, आणि आज संपून जाई. त्यामुळं मला एक चाळाच लागला होता: खिडकीशी जायचं, रस्ता बघायचा, मोबाइल बघायचा, परत खिडकीशी. एका जागी बसवतच नव्हतं.

पाण्याचा माणूस घरात असल्यावर पाण्याचे नियमही आले. हात धुवायला नळ सोडायचा नाही, हा पहिला. स्वयंपाकघराच्या दाराला एक खिळा होता. त्यावर एक सुती फडकं ओलं करून टांगलेलं असे. भाजी चिरून झाली, कणीक मळून झाली, जेवण झालं की हात त्या फडक्याला पुसायचे. फडकं सुकलं की भांड्याच्या पाण्यात पिळून पुन्हा टांगायचं. पहिले काही दिवस मला किळस आली, मग सवय झाली. गंमत म्हणजे पाणी गेलं तरी शब्द तोच राहिला. "हात धुतले का?" असं ह्यांनी विचारलं की मी "धुतले" म्हणायची, आणि दोघांनाही ठाऊक असायचं की पुसले. पुढं पुढं तेही ठाऊक असायचं बंद झालं. धुणं म्हणजेच पुसणं.

एका गोष्टीवर मात्र मी ह्यांचं ऐकलं नाही. माझं माहेर लासूर स्टेशनचं. तिथं उन्हातनं आलेल्या माणसाच्या हातावर आधी गुळाचा खडा ठेवतात, मग पाण्याचा तांब्या. नुसतं पाणी पुढं करणं म्हणजे त्याला हाकलल्यासारखं. आमच्या शेजारच्या प्लॉटवर सहा मजली काम चालू होतं. दुपारच्या सुट्टीत तिथले मजूर, बाया, गवंडी फाटकाशी येत. "मावशी, पानी मिलेंगा क्या?" ह्यांचा जीव वरखाली होई, पण पाण्याला नाही म्हणायची रीत त्यांच्या गावी, करमाडातही नव्हती. मग मी म्हटलं, गूळ भरपूर देऊ आणि पाणी अर्धा पेला. गुळावर अर्ध्या पेल्यानंही बरं वाटतं. उन्हानं तो गूळ मऊ पडलेला असायचा, काळपट, बोटांना सोडायचा नाही. ढेपेतनं खडे काढून प्रत्येकाच्या हातावर मीच ठेवायची. ते तोंडात टाकून दोन मिनिटं सावलीला टेकायचे, त्यांचे चेहरे जरा सैल व्हायचे, आणि मला वाटायचं चला, दिवसातलं एक काम तरी धड झालं. मग आत येऊन हात धुवायचे, म्हणजे काय ते आता सांगायला नको, आणि जेवायला बसायचं.

वैशाखात बोटाचे आकडे चढायला लागले. दोनशे दहा. दोनशे चाळीस. दंड मात्र दीडशेच्या खालीच घुटमळत होता. थोडाफार फरक, असं डॉक्टर म्हणाले होते. हा थोडाही नव्हता आणि फारही नव्हता, नुसता चमत्कार होता.

"काय खाल्लंस गं?" ह्यांनी विचारलं.

"काय नाय खाल्लं."

"मग हे काय?"

"मला काय ठाऊक? तुमच्या मशीनला इचारा."

"रक्त खोटं बोलत नाय," ते म्हणाले. म्हणजे घरात खोटं बोलणारं कोण उरलं, ते उघड होतं.

आता पूर्वी मी कधी चोरून खाल्लंच नाही असं म्हणाले तर देव वरून हसेल. एका दिवाळीला मी डब्यातला अनारसा खाताना सापडले होते. तो एक अनारसा ह्यांनी एखाद्या कोर्टातल्या पुराव्यासारखा इतकी वर्षं जपून ठेवला होता. पण तो अनारसा तो, आणि हे हे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. आयुष्यभर पोरांना समोर उभं करून "खरं सांग" म्हटलं, आणि मला माहीत आहे, ज्यानं केलेलं नसतं ते पोर "मी नाही केलं" हे कधीच धड म्हणू शकत नाही. त्याचा आवाज फाटतो, ते चिडतं, रडतं, आणि चोर ठरतं. आता माझा आवाज फाटायला लागला.

ह्यांनी गुळाच्या ढेपेवर नखानं खूण केली. संध्याकाळी ढेप खुणेच्या बरीच खाली.

"मजुरांना दिला," मी म्हटलं.

"सगळा?"

"सगळा."

"त्यांच्यासंगं तूबी एखादा खडा टाकत असशील. लक्षात नाय राहत माणसाच्या." हे ते समजुतीच्या सुरात म्हणाले. त्या सुरानंच माझं डोकं फिरलं. मी डबा असा आपटला की शेजारचं काम क्षणभर थांबलं.

लेक तरी आपली बाजू घेईल असं वाटलं होतं, कारण दंडाचं सरकार तिचं. पण तिनं नवा सेन्सर पाठवला. जुना खराब असणार म्हणाली. नवाही तेच सांगायला लागला. मग एके दिवशी तिनं फार गोड आवाजात विचारलं, "आई, राग नको मानू, पण तू त्या दंडावर मुद्दाम दाबून तर झोपत नाहीस ना? कमी दिसावं म्हणून?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हे. मी गूळ खाते, वर दंड दाबून मशीनलाही फसवते! इतकी हुशारी माझ्यात असती तर मी शाळेत हेडमास्तरीण नसते का झाले? मी फोन ठेवला आणि घरभर फिरत राहिले. मला दुसरं काही नको होतं. मी खाल्लं नाही म्हटलं की नाही खाल्लं, एवढं ह्या घरात कुणीतरी माझ्या तोंडावर विश्वासून मानावं, बस. पण बोटाला एक तोंड होतं, दंडाला एक तोंड होतं, आणि माझ्या तोंडाचं तेवढं कुणी ऐकत नव्हतं.

ह्यांनी डॉक्टरांना फोन लावून बोटाचे आकडे वाचून दाखवले. डॉक्टर पलीकडून काय म्हणाले ते मला ऐकू आलं, कारण ह्यांना फोनचा आवाज मोठा लागतो. "हात धुऊनच बघता ना?"

"व्हय तर," हे म्हणाले. "रोज. धुऊनच."

त्यात तिळभर खोटं नव्हतं. आमच्या घरातल्या मराठीत ते अगदी खरं होतं. डॉक्टरांनी दुपारचा डोस वाढवला.

आणि माझ्या दुपारी बिघडायला लागल्या. जेवून तासदोन तास झाले की अंगाला सूक्ष्म कंप सुटायचा. घाम यायचा, पण उन्हाळ्यात घाम कुणाला येत नाही? जीव उडायचा, पण टँकरची वाट बघताना कुणाचा उडत नाही? साखर उतरली की माणूस चिडतं म्हणे. माझा स्वभाव मुळातच तापट. आता मी साखर उतरली म्हणून ओरडले की ओरडायचंच होतं म्हणून ओरडले, हे कुणी आणि कसं ठरवायचं? मोबाइल मधूनच कमी कमी म्हणून किंचाळायचा. ह्यांचं ठरलेलं असायचं: "त्या हातावर पडली असशील." मी बसलेली असले तरी.

त्या दिवशी मी खिडकीशी उभी होते. टँकर सकाळपासून येतो येतो करत होता आणि वरची टाकी कोरडीठाक झाली होती. पिण्याचा माठ तेवढा भरलेला. हे बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत पेंगत होते. दुपारी बोट दोनशे साठ म्हणालं होतं, त्या हिशेबानं वाढीव इन्सुलिन पोटात गेलं होतं. रस्ता उन्हानं पांढरा पडलेला. बघता बघता तो जरा जास्तच पांढरा झाला. ओठ बधिर झाले. मोबाइल किंचाळला तेव्हा त्यावर साठ आकडा होता आणि खाली तोंड केलेला बाण. मी काही आडवी पडलेली नव्हते. फरशी पायाखाली गादीसारखी मऊ लागत होती. मला कळलं की हे खरं आहे.

मी धरत धरत स्वयंपाकघरात गेले आणि गुळाचा डबा उघडला. झाकण खाली पडलं. त्या आवाजानं हे उठून आले तेव्हा माझा हात ढेपेत होता.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. पण त्यांचा चेहरा नुसता पडला. "अगं, काय करतीस हे?"

"मला कमी झालीय."

"आधी बोट बघू. हात धू."

आणि मी हात धुतले! म्हणजे त्या हालतीतही, सवयीनं, खिळ्यावरच्या फडक्याला बोटं पुसली. त्यांनी सुई टोचली. थेंब घेतला. मशीननं क्षणभर विचार केला आणि दोनशे ऐंशी सांगितलं.

ह्यांनी डबा उचलून फळीवर ठेवला. तेवढ्यात फोन वाजला. लेक. "आई, काहीतरी गोड खा! लगेच! पन्नासच्या खाली चाललीय!"

"इथं बोट दोनशे ऐंशी म्हणतंय!" हे फोनकडं तोंड करून ओरडले. "अन् गोड दे म्हणतीस अजून?"

मग लेक चाचरत म्हणाली, "मग… बाबा, बोटच खरं असेल. डॉक्टर तसंच म्हणाले होते ना?"

"मी सांगतेय ना," मी म्हटलं. माझी जीभ जड झाली होती. "मला कमी झालीय. मी सांगतेय ना."

कुणी ऐकलं नाही. दोघं एकमेकांशी आकडे बोलत होते. मी मधे उभी होते, घामानं निथळत, आणि माझ्याबद्दलच्या त्या बोलण्यात माझी गरज नव्हती. मग मी पाहिलं की ह्यांचा हात फ्रिजच्या दाराकडं गेला. फ्रिजच्या दारात इन्सुलिनचं पेन असतं. "थांब," ते म्हणाले, "दोन युनिट देतो, उतरंल."

मला भीती वाटली. कशाची म्हणून विचाराल तर मरणाची. आणि त्याहून जास्त याची, की हा माणूस मला जपता जपता मारेल आणि नंतर जन्मभर म्हणेल की तिनं गूळ खाल्ला होता. मी फळीवरचा डबा ओढला. ढेप खाली पडली. ह्यांनी ती उचलली, मी त्यांच्या हातातनं हिसकली, त्यांनी परत धरली. नातवंडं खेळवायच्या वयाची दोन माणसं स्वयंपाकघरात गुळासाठी झोंबत होती. शेवटी मी त्यांच्या हातात असलेल्या ढेपेलाच तोंड लावलं आणि लचका तोडला. ते घाबरून मागं सरले. मी फरशीवर बसले आणि दोन्ही हातांनी गूळ खाल्ला. लेक फोनमधून आई आई करत होती.

हळूहळू फरशी टणक झाली. घाम सुकला. ओठ परत माझे झाले. मोबाइलवरचा बाण आडवा पडला, मग वर वळला. मी वर बघितलं तर हे ओट्याला टेकून उभे होते आणि मशीन उलटसुलट करत होते.

"मशीनच बिघडलंय का बघतो," ते पुटपुटले. नवी सुई लावली, स्वतःच्या बोटाला टोचली, थेंब पट्टीला लावला. ह्यांना कधी साखर नव्हती. त्याचा त्यांना केवढा ताठा. आकडा आला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. ते तिथंच माझ्याशेजारी फरशीवर बसले.

"किती?" मी विचारलं.

"तीनशे दहा," ते म्हणाले. अगदी बारीक आवाजात. "मलाबी झाली गं."

हात दाखवून अवलक्षण! मला हसू फुटलं. अंगात त्राण नव्हतं तरी मी हसले. ते दुखावून उठायला गेले, पट्ट्यांची डबी ठेवायला लागले, आणि डबी त्यांच्या अंगठ्यालाच चिकटून राहिली. गुळानं. मी डबीकडं बघितलं, त्यांच्या बोटांकडं बघितलं, माझ्या बोटांकडं बघितलं. मग दाराकडं बघितलं. चौकटीवरून मुंग्यांची एक रांग खिळ्यापर्यंत चढत गेली होती आणि त्या फडक्यावर पसरली होती. गुळाचं पोतं असावं तशी. रोज येता-जाता दिसत असणार. उन्हाळ्यात मुंग्या असतात, म्हणून दिसत नव्हती.

"अहो," मी म्हटलं, "हात धुवा."

"धुतले की."

"फडक्याला नाय. पाण्यानं. साबण लावून."

त्यांना अजून कळलं नव्हतं, पण ते उठले. नळ सोडला, नळ कोरडा. माझ्याकडं बघितलं, माठाकडं बघितलं. पिण्याच्या पाण्यानं हात धुवायचे, हे त्यांच्या लेखी पाप. मग त्यांनी तांब्या बुडवला. साबण लावून खळखळून हात धुतले, धुतलेल्या टॉवेलला कोरडे केले आणि दुसरं बोट टोचलं.

एकशे चार.

मग माझे हात त्यांनी स्वतः धुतले. बोटाबोटाच्या बेचक्यातनं, नखांच्या खालून. माझं बोट एकशे वीस म्हणालं. दंड म्हणाला पंच्याण्णव, आणि चढत होता.

"टेलला पाणी यायचंय अजून," ते म्हणाले. मग टॉवेलची घडी घातली. घडी ठेवता ठेवता म्हणाले, "म्हंजे तू खाल्लं नव्हतंस."

"मी तेच सांगत होते. मशीननं सांगितलं तवा पटलं तुम्हाला."

त्यांनी तांब्या उचलून माठावर उपडा ठेवला. मी काही त्यांना ते सोपं करून दिलं नाही. मला राग आला होता आणि तो मी राहू दिला.

डॉक्टरांनी डोस खाली आणला. त्यांनी सांगितलं की सरकारं दोन्ही आपापल्या जागी खरी आहेत, थेंबात बाहेरचा गूळ मिसळला तर बोट तरी काय करील बिचारं. लेक फोनवर रडली. मजुरांचं गूळ-पाणी चालू राहिलं. ह्यांनी फडकं जाळून टाकलं आणि माझ्या हातांसाठी एक वेगळा तांब्या भरून ठेवायला सुरुवात केली. घरात दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. टँकर आला नाही तरी तो तांब्या भरलेला असे; स्वतः अर्ध्या बादलीत आंघोळ उरकत. हा माणूस माफी मागू शकत नाही, पण पाणी वाचवलं कसं जातं आणि दिलं कसं जातं ते त्याला कळतं. माझा राग त्या तांब्यापाशी थोडा थोडा कमी झाला.

पण चैन पडेना, ते पडेनाच. आता दोन्ही आकडे जुळत होते, आणि ते जुळतात का हे बघायचा मला नाद लागला. उठल्या उठल्या मोबाइल. चहाच्या आधी मोबाइल. जिना चढून आले की मोबाइल. बहिणीचा लासूरहून फोन आला आणि तिनं "कशी आहेस गं?" विचारलं, तर मी "थांब" म्हणून स्क्रीन बघितली आणि मग "बरीय" म्हटलं. तिला ते गमतीचं वाटलं.

आषाढ लागला तरी आभाळ कोरडंच होतं. एके दुपारी जेवणं उरकून आम्ही दोघं गॅलरीत टँकरची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या कामावर सहाव्या मजल्याचा स्लॅब पडत होता. ह्यांनी ना मशीन आणलं होतं, ना पेपर. माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "कसं वाटतंय तुला?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला. किती आहे, काय खाल्लंस, बोट दे, हे सगळं विचारून झालं होतं. माझा हात मोबाइलकडं गेला. त्यांनी त्यावर आपला पंजा ठेवला.

"त्यातलं नको," ते म्हणाले. "तू सांग. तू सांगशील ते खरं."

ज्या शब्दासाठी मी तो अख्खा उन्हाळा भांडले होते, तो ते आता मागत होते. मी डोळे मिटून अंगात बघितलं. छातीत काहीतरी हलत होतं. ते कमी होतं की जास्त, भीती होती की नुसतं ऊन, मला कळेना. हातांना बारीक कंप होता की गॅलरीतला वारा होता, तेही कळेना. पूर्वी कळायचं. त्या दिवशी फरशीवर कळलं होतं, सगळ्यांच्या आधी. त्यांनी पंजा काढला नाही. ते वाट बघत राहिले, आणि मला काही सांगता येईना.